भिंत पडतेच, पण आता मी पळत नाही

तुम्ही विचारलंय : "ल्युसिड ड्रीमिंगचा उद्देश नेमका काय? खरंच काही फायदा होतो की नुसती करमणूक?" आणि खाली जोडलंय, "मनासारखं उडता येतं का?"

उडण्याचं आधी सांगून टाकतो. मी एकदाच उडालो. औशाबाहेर सोयाबीनच्या रानावरून, चांगला उंच. पुढं विजेच्या तारा आडव्या आल्या. हे स्वप्न आहे हे पक्कं माहीत असूनही मला शॉकची भीती वाटली आणि मी खाली उतरलो. बी-बियाणं विकणारा माणूस उडून उडून किती उडणार!

ल्युसिड ड्रीम म्हणजे स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' हे कळणं. मी त्याला भानावरचं स्वप्न म्हणतो. स्वप्न हवं तसं वळवता येणं ही पुढची पायरी, आणि ती दर वेळी जमत नाही. नुसतं कळलं तरी पुरे. माझं सगळं उत्तर या 'नुसतं कळण्या'वरच आहे.

माझं गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून फार लांब नाही. १९९३ साली मी अकरा वर्षांचा होतो. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं उशिरा घरी आली आणि गाढ झोपली. ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आमच्याकडची घरं तेव्हा माळवदाची. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर तुळया, तुळयांवर फळ्या, आणि फळ्यांवर वर्षानुवर्षं थापत आणलेली माती. उन्हाळ्यात असं गार घर दुसरं नाही. त्या पहाटे तीच माती अंगावर आली. आमच्या घरातली दोन माणसं गेली. त्यावर इथं जास्त लिहीत नाही.

नंतर जवळजवळ पंचवीस वर्षं मला एकच स्वप्न पडायचं. एरवी महिन्यातून एकदा, गणपती जवळ आले की आठवड्यातून दोनदा. जुन्या घरातली आतली खोली. देवळीत चिमणी जळतेय. तुळईच्या फटीतून माती भुरभुरते, आधी पिठासारखी, मग मुठीमुठीनं. मी दाराकडं धावतो, कडी हाताला लागते पण निघत नाही. दचकून उठलो की घड्याळात साडेतीन नाहीतर चार. बायको लग्नानंतर पहिल्यांदा घाबरली, पुढं न बोलता पाण्याचा तांब्या उशाशी ठेवायला लागली.

आज्जी होती तोवर म्हणायची, "मनी वसे ते सपनी दिसे, दुसरं काय! ऊठ, चूळ भर आन् कूस बदलून झोप." सल्ला वाईट नव्हता. पण पुढं पुढं मला झोपायचीच भीती बसली. झोपलं की तिकडं जावं लागतं, म्हणून रात्री दीड-दीडपर्यंत मोबाईल चाळत बसायचो. तिथंच हा विषय सापडला. थोतांड असणार म्हणून वाचायला घेतला.

थोतांड नाही. झोपेत 'रेम' नावाचा टप्पा असतो. त्यात मेंदू जवळजवळ जाग्यासारखा चालतो, पण हातापायांचे स्नायू त्यानंच सैल सोडलेले असतात. म्हणून आपण स्वप्नात पळतो आणि अंथरुणावरच राहतो. डोळ्यांचे स्नायू मात्र मोकळे असतात. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी १९७५ साली याचाच उपयोग केला. ॲलन वर्स्ली या माणसाशी त्यांनी आधीच ठरवलं होतं की स्वप्नात भान आलं की डोळे डावीकडं-उजवीकडं ठरलेल्या पद्धतीनं फिरवायचे. त्यानं ते केलं, यंत्राच्या कागदावर खुणा उमटल्या, आणि मेंदूची नोंद सांगत होती की माणूस झोपलेला आहे. पुढं अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच दाखवलं. २०२१ साली तर चार देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून झोपलेल्यांना स्वप्नातच गणितं घातली. आठातून सहा गेले किती? एकानं डोळे दोनदा फिरवून उत्तर दिलं. सगळे प्रयत्न धरले तर बरोबर उत्तरं पाच-सहात एखादंच, पण झोपलेल्या माणसाकडून ते तरी कमी आहे का?

या वाचनातून मला आणखी एक गोष्ट मिळाली. रेमचे तुकडे साधारण दीड-दीड तासानं येतात आणि पहाटेकडं लांबत जातात. माझं स्वप्न साडेतीन-चारलाच का, याचं नातं मी भूकंपाशी जोडून ठेवलं होतं, जणू ती वेळ अंगात ठोकून बसवली आहे. तर लांबलचक स्वप्नं सगळ्यांनाच पहाटे पडतात! एवढ्यानंच खूप हलकं वाटलं.

आता तुमचा 'उद्देश' हा शब्द. मला तो जरा खटकतो. मुळात स्वप्नं का पडतात यावरच शास्त्रज्ञांचं एकमत नाही. फिनलंडचे अँटी रेवोन्सुओ यांनी २००० साली मांडलं की स्वप्न म्हणजे धोक्याची रंगीत तालीम, मेंदू सुरक्षितपणे सराव करून घेतो. असेल. माझी तालीम पंचवीस वर्षं चालली, आणि नाटक तर आधीच होऊन गेलं होतं. स्वप्नात भानावर येणं याहूनही योगायोगाचं दिसतं. कपाळामागचा, विचार करणारा मेंदूचा भाग झोपेत मंद झालेला असतो, तो मध्येच थोडा जागा होतो. निसर्गानं ते कशासाठी ठेवलं असं नाही, आपण त्याचा उपयोग काढतो.

आपल्याकडं स्वप्नाची रीत वेगळी. आमच्या हिंगोलीकडच्या नरसीचे नामदेव तुकोबांच्या स्वप्नात आले आणि अभंग लिहायला सांगून गेले, हे कीर्तनात शंभरदा ऐकलेलं. म्हणजे स्वप्नात कुणीतरी येतं, सांगतं, आणि आपण ऐकायचं. भानावरच्या स्वप्नात प्रश्न आपण विचारायचा असतो. पण पतंजलींच्या योगसूत्रांतही स्वप्न आणि झोपेतलं ज्ञान धरून मन स्थिर करता येतं असं एक सूत्र आहे, तिबेटी बौद्धांत तर स्वप्नयोगाची साधनाच आहे. तेव्हा हे अगदीच साहेबाचं खूळ नाही.

मी काय केलं ते सांगतो. बियाण्याच्या कंपनीची फुकट मिळालेली डायरी उशाशी ठेवली आणि उठल्याबरोबर, पाणी प्यायच्या आधी, आठवेल ते लिहायचं. दीड महिन्यात कळलं की माझ्या वाईट स्वप्नांची एकच खूण आहे : जुनं घर. ते घर १९९३ नंतर जगात नाही. म्हणजे ते दिसलं की स्वप्नच! इतकी सोपी गोष्ट, पण स्वप्नात ती सुचत नाही, हीच तर गोम आहे. मग लबर्ज यांची पद्धत धरली. पहाटे जाग आली की परत झोपताना ते स्वप्न डोळ्यांपुढं आणायचं आणि मनात घोकायचं, 'पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा हे स्वप्न आहे हे मला आठवेल.' पाच-सहा तास झोपून उठायचं, थोडा वेळ जागं राहायचं आणि मग हे करायचं, तर शक्यता वाढते. आमच्याकडं शेतीची लाईट रात्रीची असते. मोटार चालू करून येऊन पुन्हा आडवा होणारा शेतकरी यातलं निम्मं काम नकळत करतोच.

दोन महिने काहीही झालं नाही. मग एका रात्री तीच खोली, तीच माती, आणि कोपऱ्यात माझा मुलगा गृहपाठ करत बसलेला. मुलगा २०१० चा. मी थबकलो. हा इथं कसा? आणि कळलं. त्या आनंदातच जाग आली! पहिल्यांदा बहुतेकांचं असंच होतं म्हणतात.

पुढच्या खेपेला टिकलो. भिंत थांबवायचा प्रयत्न केला, ती थांबली नाही. गेलेल्या माणसांना हाक मारली, कुणी आलं नाही. मग मी खाली बसलो. माती डोक्यावर, खांद्यावर पडली. तिला वजन नव्हतं. एवढंच झालं.

त्यानंतर ते स्वप्न बंद झालं असं लिहिलं तर खोटं होईल. वर्षातून चार-पाचदा येतं. त्यातही भान एखाद्या वेळीच येतं. पण झोपायची भीती गेली, आणि रात्रीचा मोबाईल सुटला. नेदरलँड्समध्ये २००६ साली तेवीस जणांवरचा छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात अशा शिकवणीनं दुःस्वप्नं कमी झाली. मात्र फरक भान आल्यानं पडला की नुसतं त्या स्वप्नाकडं धीरानं बघितल्यानं, हे ठरवता आलं नाही. माझंही तसंच असेल. डायरीनंच निम्मं काम केलं असणार.

बाकीच्या फायद्यांचं थोडक्यात. स्वप्नात सराव करून हात सुधारतो का, याचा एक प्रयोग जर्मन भाषक संशोधकांनी २०१० साली छापला. नाणं पेल्यात फेकायचं. ज्यांना स्वप्नात सराव जमला त्यांचा नेम सुधारला, पण जमला मोजक्यांनाच. परीक्षेच्या तयारीसाठी म्हणून कुणी याच्या मागं लागू नका, अभ्यास जागेपणीच करा.

आणि सावध करणं माझं काम आहे. रोज मधूनच उठून झोप मोडलीत तर फायद्यापेक्षा तोटा मोठा. मध्येच जाग येऊन अंग हलत नाही असाही प्रकार होतो. आमच्याकडं त्याला छातीवर भूत बसलं म्हणतात. ते अर्धवट जागेपणाचं लक्षण आहे, मिनिटभरात जातं. ज्यांना आधीच भास होतात, खरं-खोटं वेगळं करणं जड जातं, त्यांनी यात पडू नये. दुःस्वप्नं रोजची असतील तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. जागेपणीच कागदावर स्वप्नाचा शेवट बदलून लिहायचा आणि तो रोज मनात घोळवायचा, असा उपचार ते करून घेतात. त्याला ल्युसिड वगैरे व्हायची गरज नसते. मला हे आधी माहीत असतं तर तेच केलं असतं.

एक फायदा मात्र कुठंच वाचला नव्हता. आमच्या जुन्या घराचा एकही फोटो नाही. होते ते ढिगाऱ्यात गेले. आता त्या खोलीत भान आलं तर मी दाराकडं जात नाही, बघत बसतो. देवळी, तिच्यावरची काजळी, कोपऱ्यातलं जातं. मागच्या गणपतीत असं झालं तेव्हा सकाळी आईला विचारलं, जातं दाराजवळच्या कोपऱ्यात होतं ना? आई त्या घराबद्दल कधी बोलत नाही. चहा गाळता गाळता थांबली आणि म्हणाली, "तिथं कुठलं? तिथं कणगी होती. जातं चुलीच्या अंगाला. बस, सांगते."