नवी प्रत आली, आता जुनीचे काय?

वाचकांचे प्रश्न : रॅपच्या दुर्मीळ रेकॉर्ड आणि कॅसेट

रॅपर एमएफ डूमच्या ‘ऑपरेशन : डूम्सडे’ची २००१ सालची सब व्हर्स कंपनीची प्रत मी चढ्या भावाने घेतली होती. आता नवी रीइश्यू (पुन्हा काढलेली आवृत्ती) सहज मिळते आणि माझ्या प्रतीला कोणी विचारत नाही. विकू की थांबू? (नेरूळ)

दुर्मीळ अल्बमच्या भावात दोन वेगळे भाव मिसळलेले असतात. एक गाणी ऐकायला मिळण्याचा आणि दुसरा त्या वस्तूचा. रीइश्यू आली की पहिला भाव उतरतो, कारण ज्याला फक्त ऐकायचे आहे तो कोरी, सीलबंद प्रत घेऊन मोकळा होतो. दुसऱ्या भावाला सहसा धक्का लागत नाही.

तुमची अडचण अशी की तुमची प्रत या दोन्हींच्या मध्ये आहे. हा अल्बम पहिल्यांदा १९९९ मध्ये फॉन्डल एम या छोट्या कंपनीने काढला. २००१ची प्रत ही स्वतःच रीइश्यू आहे. पहिली न मिळाल्यामुळे किंवा न परवडल्यामुळे लोक तिच्याकडे वळत होते, आणि नेमका तोच ग्राहक आता नव्या प्रतीकडे गेला. १९९९चीच हवी असलेला संग्राहक नवी आली म्हणून मागे फिरत नाही. म्हणून रीइश्यूचा सगळ्यात मोठा फटका मधल्या आवृत्त्यांना बसतो, आणि त्यांतही वापरलेल्या, थोड्या ओरखडलेल्या प्रतींना.

निर्णय घेण्याआधी डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या नोंदी आणि खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर तुमच्याच आवृत्तीचे पान उघडा. सगळ्या आवृत्त्या एकत्र दाखवणारे मास्टर पान इथे कामाचे नाही. ‘विक्रीला आहे’ खालचे भाव बाजूला ठेवा, ते विक्रेत्याच्या मनातले असतात. प्रत्यक्ष झालेल्या शेवटच्या दहा-बारा विक्री पाहा. प्रत्येकीची तारीख, प्रतीची अवस्था आणि भाव वहीत उतरवा, आणि रीइश्यूच्या घोषणेच्या तारखेवर एक रेघ मारा. रेघेच्या वरचे आणि खालचे आकडे तुलना करताना अवस्था सारखीच हवी. ‘निअर मिंट’चा (जवळजवळ कोरी प्रत) जुना भाव आणि ‘व्हेरी गुड’चा (वापरलेली, ओरखडे असलेली) नवा भाव शेजारी ठेवले तर घसरण आहे त्याहून मोठी वाटेल.

प्रत खरोखर ‘निअर मिंट’ असेल तर थांबा. घोषणा झाली की घाबरलेले विक्रेते एकदम माल काढतात, आणि नवी प्रत लोकांच्या हातात पडायला लागते तो काळ विकायला सगळ्यात वाईट. नव्या प्रतीचा साठा संपला की त्याच प्रतीमुळे अल्बमच्या प्रेमात पडलेले काही जण जुन्या आवृत्त्या शोधू लागतात. ‘व्हेरी गुड प्लस’ किंवा त्याखालची असेल तर भाव पूर्वपदावर येईल या आशेवर पैसे अडकवू नका. कमिशन, पेमेंटचे शुल्क, खोका आणि कुरिअर वजा करून हातात काय राहते ते मांडा. ती रक्कम फारच किरकोळ निघाली तर रेकॉर्ड घरी ऐका. फार चांगला अल्बम आहे.

रॅपर नासच्या ‘इलमॅटिक’ची ‘१९९४ ओरिजिनल’ एलपी मला एकजण देऊ करतो आहे. लेबलवर १९९४ छापले आहे. फोटोवरून खात्री कशी करायची? (ऐरोली)

लेबलवरचे साल हा पुरावा नाही. रीइश्यूवरही बहुतेक वेळा मूळ कॉपीराइटचे साल तसेच छापतात, कॅटलॉग नंबरही पुष्कळदा जुनाच ठेवतात. विक्रेत्याकडून हे फोटो मागवा.

पहिला फोटो रनआउटचा. शेवटचे गाणे संपल्यावर लेबलच्या कडेला जो गुळगुळीत काळा पट्टा उरतो, त्यात बारीक अक्षरे आणि आकडे कोरलेले असतात. बल्ब डोक्यावर ठेवला तर तिथे नुसती चकाकी दिसते. मोबाइलचा टॉर्च रेकॉर्डला जवळजवळ टेकवून तिरपा धरला की अक्षरे उठून येतात. दोन्ही बाजूंचा मजकूर हवा, आणि तो डिस्कॉग्जवरच्या नोंदीशी अक्षर-अक्षर जुळला पाहिजे. हाताने कोरलेले काय आणि ठशाने उमटवलेले काय, हेही बघा. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये असलेल्या मास्टरडिस्क किंवा स्टर्लिंगसारख्या मास्टरिंग स्टुडिओचा (छपाईआधीची मूळ तबकडी कोरणारा) शिक्का त्या नोंदीत असेल आणि समोरच्या प्रतीत नसेल, तर तिथेच थांबा.

दुसरा फोटो नुसती तबकडी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून. नव्वदच्या दशकातली साधी अमेरिकन एलपी साधारण ११० ते १४० ग्रॅम भरते, तर आजच्या बऱ्याच रीइश्यू १८० ग्रॅमच्या असतात. १७८ ग्रॅम दाखवणारी ‘१९९४ची’ प्रत संशयास्पदच. उलट अनुमान मात्र काढू नका, कारण हलक्या रीइश्यूही निघतात.

तिसरा फोटो मागच्या कव्हरचा, अगदी जवळून. बूटलेगवाले (चोरून नक्कल छापणारे) जुने कव्हर स्कॅन करून छापतात, म्हणून बारीक अक्षरांच्या कडा भुरकट दिसतात आणि सपाट रंगात ठिपक्यांची जाळी उठते. तळाशी वेबसाइटचा पत्ता दिसला तर ते कव्हर १९९४चे नाही असेच समजा.

माल सीलबंद असेल तर रनआउट बघताच येत नाही. प्लास्टिक पुन्हा चढवणे अवघड नाही, तेव्हा सीलबंद ‘ओरिजिनल’ला रीइश्यूच्याच भावात मागा. व्यवहार वाशी किंवा ठाणे स्टेशनवर हातोहात करणार असाल तर फलाटावरच्या गर्दीत पैसे देऊ नका. बाहेर येऊन, टॉर्च लावून रेकॉर्ड नीट बघा.

सीडी घेणाऱ्यांसाठी एक सोपी खूण. चकतीच्या चमकत्या बाजूला, मधल्या भोकाभोवती आयएफपीआय अशी अक्षरे आणि पुढे छोटा कोड असतो. हे कोड १९९४ पासून येऊ लागले. त्यामुळे १९८९ किंवा १९९१ची पहिली सीडी म्हणून दाखवलेल्या चकतीवर तो कोड दिसला, तर ती नंतरची छपाई.

काही गाजलेले रॅप अल्बम वर्षानुवर्षे पुन्हा निघत नाहीत आणि मग अचानक निघतात. असे का? (नौपाडा, ठाणे)

सॅम्पलमुळे. दुसऱ्याच्या रेकॉर्डमधला तुकडा वापरला की ध्वनिमुद्रणाचा मालक आणि गाण्याचा हक्कदार अशा दोघांची परवानगी लागते. १९९१ मध्ये बिझ मार्कीच्या ‘आय नीड अ हेअरकट’ अल्बममधल्या एका सॅम्पलवरून न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने विक्रीवर बंदी घातली आणि त्यानंतर कंपन्या जपून वागू लागल्या. त्याआधीच्या अल्बममध्ये डझनांनी तुकडे असत. ते पुन्हा काढायचे तर प्रत्येक हक्क नव्याने सोडवावा लागतो. डे ला सोल या रॅप ग्रुपचा ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’ १९८९चा, पण त्यांचे सुरुवातीचे अल्बम स्ट्रीमिंगवर आले ते थेट ३ मार्च २०२३ला. त्याच सुमारास नव्या एलपी आणि कॅसेटही निघाल्या.

संग्राहकाने विचारायचा प्रश्न हा, की नव्या प्रतीत जे आहे ते जुन्यातलेच आहे का. परवानगी न मिळालेला तुकडा कधी काढून टाकतात, कधी पुन्हा वाजवून घेतात. असे झाले असेल तर मूळ आवाज फक्त जुन्याच प्रतीत उरतो, आणि तिचा भाव टिकण्याला ठोस कारण असते.

भावाने ठेवलेल्या खोक्यात मॅग्नासाउंड आणि बीएमजी क्रेसेंडो या कंपन्यांच्या नव्वदच्या दशकातल्या रॅप कॅसेट सापडल्या. काहींवर पांढरी बुरशी आहे. परदेशात कॅसेट पुन्हा निघत आहेत म्हणजे या कवडीमोल झाल्या का? (घोडबंदर रोड)

उलट, यांना रीइश्यूची स्पर्धाच नाही. परदेशात नव्याने निघते ती तिथली आवृत्ती. इथे परवान्याने छापलेली कॅसेट, तिचे इनले कार्ड (डबीतले छापील कागदी कव्हर) आणि त्यावरची रुपयांतली किंमत पुन्हा कोणी काढत नाही. एकाच अल्बमच्या वेगवेगळ्या देशांतल्या प्रती जमवणारे लोक आहेत, त्यांना हीच हवी असते. बाबा सेहगलच्या १९९२च्या ‘ठंडा ठंडा पानी’सारख्या इथल्याच रॅपला देशातच जुना चाहता मिळतो. पण इनले कार्ड फाटलेले किंवा हरवलेले असेल तर भाव जवळजवळ निघून जातो.

बुरशी लागलेली कॅसेट आधी वाजवू नका. ती भुकटी डेकच्या हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. मास्क लावा. कॅसेट सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात आठवडाभर ठेवा, म्हणजे बुरशी सुकेल. कवचाला स्क्रू असतील (बहुधा पाच) तर दोन्ही रिळे तशीच धरून वरचा भाग उचला आणि फितीच्या गुंडाळीची कड कोरड्या, मऊ ब्रशने झटका. फितीला पाणी किंवा अल्कोहोल लावायचे नाही. मग एखाद्या जुन्या डेकवर एकदा पुढे, एकदा मागे पूर्ण गुंडाळा. प्रत्येक कॅसेटनंतर हेड आणि रबरी रोलर स्वच्छ करा. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते, रोलरला साधा ओलसर कापूस पुरतो.

आवाज दबल्यासारखा येत असेल तर फितीमागची छोटी फेल्टची गादी बघा. तिचा गोंद वाळतो आणि ती गळून पडते. स्वस्तातल्या कॅसेटमधून काढून बसवता येते. चिकटवून बंद केलेले, बिनस्क्रूचे कवच मात्र विकायचे असेल तर फोडू नका. ‘बुरशी आहे, वाजवून पाहिलेली नाही’ असे स्पष्ट लिहून विका.

पुढच्या पावसाळ्याआधी हा खोका माळ्यावरून आणि बाहेरच्या भिंतीपासून हलवा.

रंगीत, ‘लिमिटेड’ रीइश्यूच्या दोन प्रती घेऊन एक वर्षभराने सीलबंद विकली तर? (खारघर)

बहुतेक वेळा फायदा होत नाही. मर्यादित असतो तो रंग. अल्बमची काळी प्रत शेजारीच विकली जात असते आणि मागणी दिसली की कंपनी दुसरा रंग काढते. १८० ग्रॅमची डबल एलपी खोक्यासह किलोच्या आसपास जाते, त्यामुळे परदेशी टपाल, कस्टम्स आणि आयजीएसटी धरून तुमची खरेदीच महाग पडते.

तरी ठेवणार असाल तर उभी ठेवा. श्रिंक-रॅप उन्हाळ्यात आवळत जाते आणि आतली तबकडी वाकू शकते, म्हणून पश्चिमेच्या भिंतीचे कपाट नको. वरून पॉलिप्रोपिलिनचे पाकीट घाला. मऊ पीव्हीसीचे पाकीट वर्षानुवर्षे चिकटून राहिले की कव्हर खराब करतेच, शिवाय आतल्या रेकॉर्डवर धुरकट डाग पडतात आणि ते धुऊन जात नाहीत.