अमेरिकेच्या छायेत राहून इराकने इराणशी कसे जुळवून घेतले?

आपण विचारले आहे की, २००३ नंतर इराकचा सारा कारभार अमेरिकेच्या फौजा आणि डॉलर यांच्या आधाराने चालू असताना त्याने इराणशी आणि एकूणच शेजाऱ्यांशी स्वतःच्या बुद्धीने संबंध ठेवले असे म्हणता येईल का, की ते सारे वॉशिंग्टनमध्येच ठरत होते. माझ्या मते ते वॉशिंग्टनमध्ये ठरत नव्हते आणि तेहरानमध्येही ठरत नव्हते. बगदादने दोघांपैकी कोणालाही तोंडावर नकार दिला नाही. एखादी मुदतवाढ, एखादी सवलत, करारातले एखादे कलम पदरात पाडून घेत त्याने वेळ काढला, आणि हे वेळ काढणे हेच त्याचे धोरण होते. काही वेळा ते विलक्षण यशस्वी झाले, काही वेळा सपशेल फसले.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. इराक आणि इराण यांची सीमा चौदाशे किलोमीटरहून अधिक लांबीची आहे आणि तिच्यावर १९८० ते १९८८ अशी आठ वर्षे युद्ध झाले. मात्र सद्दाम हुसेन यांच्या पाडावानंतर बगदादमध्ये सत्तेवर आलेल्या शिया पक्षांच्या अनेक नेत्यांनी हद्दपारीची वर्षे तेहरान आणि दमास्कसमध्ये काढली होती. म्हणजे अमेरिकेने ज्यांच्यासाठी सत्तेची वाट मोकळी केली, त्यांची इराणशी ओळख अमेरिकेपेक्षा जुनी होती. मार्च २००८ मध्ये अहमदीनेजाद बगदादला आले, ते १९७९ च्या क्रांतीनंतर इराकला भेट देणारे पहिले इराणी अध्यक्ष. अमेरिकेचे अध्यक्ष त्या काळात पूर्वसूचना न देता येत असत. अहमदीनेजाद मात्र आधी जाहीर करून आले, विमानतळापासून शहरापर्यंतच्या, हल्ल्यांसाठी बदनाम असलेल्या रस्त्यावरून दिवसाढवळ्या मोटारीने गेले, आणि इराकचे अध्यक्ष जलाल तालाबानी यांनी आपल्या निवासस्थानी बँड वाजवून त्यांचे स्वागत केले. दीड लाखांच्या आसपास अमेरिकी सैनिक देशात असताना हे घडत होते. याच्या वर्षभर आधी, जानेवारी २००७ मध्ये, अमेरिकी सैनिकांनी उत्तर इराकच्या एर्बिल शहरातील इराणी कार्यालयावर छापा घालून पाच इराण्यांना ताब्यात घेतले होते आणि इराकचे परराष्ट्रमंत्री होश्यार झेबारी त्यांच्या सुटकेसाठी उघडपणे बोलत होते. त्याच वर्षी २८ मे रोजी पंतप्रधान नूरी अल-मालिकी यांच्या कार्यालयात अमेरिकेचे राजदूत रायन क्रॉकर आणि इराणचे राजदूत हसन काझेमी कोमी समोरासमोर बसले, हेही इराकच्याच प्रयत्नांचे फळ होते.

यशाचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणून मी २००८ च्या सैन्यविषयक कराराकडे बोट दाखवीन. अमेरिकेला आपल्या फौजा ठेवण्यासाठी शक्य तितकी मोकळीक हवी होती. इराणला हा करारच नको होता. मालिकी जूनमध्ये तेहरानला गेले आणि इराकची भूमी इराणविरुद्ध वापरू दिली जाणार नाही, असे आश्वासन देऊन आले. नुसत्या आश्वासनावर तेहरान विसंबून राहणार नव्हते, हे उघड होते. पुढे २६ ऑक्टोबरला अमेरिकी हेलिकॉप्टरांनी इराकमधून सीमा ओलांडून सीरियातील अबू कमाल भागात हल्ला केला. इराकी सरकारने त्याचा निषेध केला, पण खरी चलाखी पुढे आहे: मसुद्यावरील अखेरच्या वाटाघाटींत त्याने हा प्रसंग पुढे करून स्पष्ट कलम घालून घेतले की, इराकची जमीन, समुद्र आणि आकाश यांचा वापर अन्य देशांवरील हल्ल्यांसाठी होणार नाही. १७ नोव्हेंबरला झालेल्या करारात ३० जून २००९ पर्यंत शहरांतून आणि ३१ डिसेंबर २०११ पर्यंत देशातून फौजा काढून घेण्याच्या तारखाही होत्या. अमेरिकेने त्या पाळल्या. बॉम्बस्फोटांनी पोखरलेल्या देशाने महासत्तेकडून एवढे लिहून घेतले, ही मला साधी गोष्ट वाटत नाही.

विजेचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, आणि इराकची खरी ताकद व खरी दुर्बलता दोन्ही तेथेच दिसतात. इराकमधील सुमारे एक तृतीयांश वीज इराणमधून थेट येणाऱ्या विजेवर आणि इराणी गॅसवर चालणाऱ्या केंद्रांवर अनेक वर्षे अवलंबून राहिली. २०१८ च्या उन्हाळ्यात थकबाकीच्या वादातून इराणने वीज रोखली. दक्षिणेतील बसरा शहरात पारा पन्नास अंशांजवळ असताना पंखे बंद पडले, नळाला खारे पाणी येऊ लागले आणि लोक रस्त्यावर उतरले. सप्टेंबरमध्ये जमावाने तेथील इराणी वाणिज्य दूतावासच पेटवून दिला. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचे इराणवरील निर्बंध पूर्णपणे लागू झाले, तेव्हा बगदादने या अशांततेचाच दाखला दिला: वीज बंद झाली तर सरकार पडेल, आणि सरकार पडले तर तुमचेच नुकसान. अमेरिकेने इराणी वीज घेण्यासाठी निर्बंधांतून आधी ४५ दिवसांची सवलत दिली, मग ९० दिवसांची, आणि पुढे कधी कमी तर कधी अधिक मुदतीने ती वाढत राहिली. अट अशी की, इराणला द्यायचे पैसे इराकी बँकेतील खात्यात पडून राहतील आणि अन्नधान्य, औषधे यांसारख्या गोष्टींसाठीच वापरता येतील. इराणला वीज विकल्याचे समाधान, अमेरिकेला पैसा अडवल्याचे समाधान, आणि इराकी घरात दिवा.

हा तोल ज्यांना सांभाळता आला नाही, त्यांना किंमत मोजावी लागली. ऑगस्ट २०१८ मध्ये पंतप्रधान हैदर अल-अबादी म्हणाले की, निर्बंध तत्त्वतः चुकीचे आहेत, पण आपल्या लोकांच्या हितासाठी आम्ही ते पाळू. प्रामाणिक वाक्य होते, पण राजकारणात ते महागात पडले: तेहरान संतापले, त्यांचा नियोजित इराण दौरा रद्द झाला, त्यांना शब्द फिरवावे लागले आणि दुसरी कारकीर्दही मिळाली नाही. अर्थात त्यामागे देशांतर्गत कारणेही होती.

या धोरणाची मर्यादा उघडी पडली ती ३ जानेवारी २०२० रोजी, बगदाद विमानतळाजवळ अमेरिकेने इराणी सेनापती कासिम सुलेमानी आणि इराणसमर्थक सशस्त्र गटांचे इराकी नेते अबू महदी अल-मुहंदिस यांना ठार मारले तेव्हा. सुलेमानी त्याच दिवशी आपल्याला भेटणार होते आणि सौदी अरेबियाच्या संदेशावर इराणचे उत्तर घेऊन येत होते, असे पंतप्रधान आदिल अब्दुल-महदी यांनी संसदेत सांगितले. ५ तारखेला संसदेने परकीय फौजा घालवण्याचा ठराव केला, ८ तारखेला इराणची क्षेपणास्त्रे अमेरिकी सैनिक असलेल्या इराकमधील ऐन अल-असद तळावर पडली. इराकच्या अंगणात दोघे लढले आणि घरमालकाला कोणी विचारले नाही. तो ठराव अंमलात आला नाही. त्याचे एक कारण असे की, इराकचे तेलाचे पैसे न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमधील खात्यात जमा होतात आणि ते खाते बंद होऊ शकते, अशी ताकीद अमेरिकेने दिल्याचे वृत्त लगेचच आले. माझ्या मते या साऱ्या कथेत बंदुकीपेक्षा हे खाते अधिक परिणामकारक ठरले आहे.

तरीही मध्यस्थीचा धागा तुटला नाही. एप्रिल २०२१ पासून तेव्हाचे पंतप्रधान मुस्तफा अल-काझिमी यांच्या पुढाकाराने सौदी आणि इराणी अधिकारी बगदादमध्ये गुपचूप भेटू लागले. १० मार्च २०२३ रोजी दोघांचा समझोता झाला तो बीजिंगमध्ये, त्यामुळे श्रेय चीनने नेले. पण संयुक्त निवेदनात इराक आणि ओमानचे आभार मानलेले आहेत. इतर शेजाऱ्यांबद्दल थोडक्यात सांगायचे तर, १९९० च्या आक्रमणाबद्दल कुवेतला ५२.४ अब्ज डॉलरची युद्धभरपाई इराकने पूर्ण चुकती केली, सौदी सीमेवरील अरार नाका तीन दशकांनी २०२० मध्ये व्यापारासाठी उघडला, आणि उत्तरेत तुर्कस्तानच्या लष्करी कारवायांपुढे मात्र निषेधाच्या पत्रांपलीकडे इराकचे काही चालले नाही.

त्यानंतर स्थिती अधिक अवघड झाली. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने इराणी वीज खरेदीची सवलत वाढवून देण्यास नकार दिला. इतकी वर्षे मिळालेला वेळ इराकने स्वतःचा गॅस वापरात आणण्यासाठी पुरेसा खर्च केला नाही, हा माझा मुख्य आक्षेप आहे. तेलासोबत निघणारा गॅस जाळून टाकण्यात तो जगात रशियापाठोपाठ वरच्या क्रमांकावर राहिला आहे. पर्याय म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने तुर्कमेनिस्तानशी गॅसचा करार केला खरा, पण दोघांच्या मध्ये इराण आहे आणि तो गॅस इराणच्याच वाहिन्यांतून यायचा असल्याने त्यासाठीही पुन्हा वॉशिंग्टनचीच मनधरणी करावी लागली.