वाचकांचे प्रश्न: टॅक्रोलिमसची लेव्हल आणि शेवटच्या गोळीची वेळ

प्रश्न : माझ्या मिस्टरांना दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या भावाच्या स्टेम सेल्स दिल्या. प्रतिकारशक्ती दाबणारी टॅक्रोलिमसची गोळी सकाळी ८ आणि रात्री ८ ला असते. बदलापूरहून खारघरला तपासणीला जाताना शिळफाट्याला अडकलो, म्हणून आठ वाजता गाडीतच गोळी दिली. दहाला रक्त घेतलं, लेव्हल (रक्तातलं औषधाचं प्रमाण) २२ आली. डॉक्टरांनी डोस तोच ठेवला आणि तपासणी पुन्हा करायला सांगितली. पहिली फुकट गेली का?
(वाचक, बदलापूर)

पैसे गेले, पण डोस बदलला नाही हे उत्तम झालं. लेव्हल म्हणून जो आकडा हवा असतो तो दोन डोसांमधला सगळ्यात खालचा, म्हणजे पुढची गोळी घेण्याच्या अगदी आधीचा. त्याला ट्रफ म्हणतात. गोळी घेतल्यावर एक ते तीन तासांत औषध रक्तात सर्वांत जास्त असतं, आणि तुमचं रक्त नेमकं त्याच चढावर घेतलं गेलं. टॅक्रोलिमससाठी साधारण ५ ते १५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही मर्यादा सांगतात (तुमची ट्रान्सप्लांट टीम त्यातला अरुंद पट्टा ठरवते), पण ती ट्रफसाठी आहे. समजा खरा ट्रफ ९ होता आणि २२ पाहून डोस निम्मा केला असता, तर तो चार-पाचवर आला असता. मग भावाच्या पेशींना मिस्टरांची त्वचा, आतडी, यकृत परकी वाटून त्यांच्यावर हल्ला करायला मोकळं रान. हाच तो जीव्हीएचडी.

तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी स्ट्रिपमध्येच पाऊचमध्ये ठेवा आणि सुई निघाल्यावर लगेच द्या. आदल्या रात्रीच्या गोळीपासून बारा तास मोजा. अर्धा-एक तास इकडेतिकडे झाला तर चालतं, पण फॉर्मवर खरी वेळ लिहा : शेवटची गोळी किती वाजता, किती मिलिग्रॅमची, रक्त किती वाजता. ‘सकाळी’ एवढंच लिहिलेला फॉर्म निरुपयोगी. बाह्यरुग्ण विभागात रक्त दहाच्या आधी घेतच नसतील, तर गोळीच्या वेळा कायमच्या १० आणि १० करता येतील का, हे टीमला विचारा. दर खेपेला सकाळची गोळी दोन तास लांबवण्यापेक्षा ते बरं.

रक्त जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये घेतात, कारण हे औषध बहुतेक तांबड्या पेशींमध्येच असतं आणि तपासणी अख्ख्या रक्ताची लागते. छातीत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेल्या नळ्या) असेल आणि वॉर्डात त्यातल्या एका नळीतून टॅक्रोलिमस किंवा त्याच्याच कामाचं सायक्लोस्पोरिन गेलं असेल, तर लेव्हलचं रक्त त्या नळीतून घ्यायचं नाही. औषध नळीच्या आतल्या भिंतीला चिकटून राहतं आणि आकडा खोटाच फुगतो. दुसरी नळी किंवा हाताची शीर वापरायला सांगा. सांगायला संकोच नको.

प्रश्न : एकही गोळी चुकली नाही, तरी आईची लेव्हल ९.६ वरून ३.८ वर आली. दोन आठवड्यांपूर्वी बुरशीसाठीचं व्होरिकोनाझोल बंद झालं, एवढाच बदल.
(वाचक, वसई)

तोच तो बदल. यकृतातलं आणि आतड्यातलं एक एन्झाइम टॅक्रोलिमस मोडून काढतं, आणि व्होरिकोनाझोल त्या एन्झाइमला अडवून धरतं. म्हणून ते सुरू करताना टॅक्रोलिमस साधारण एक-तृतीयांशावर आणतात (सायक्लोस्पोरिन निम्म्यावर). व्होरिकोनाझोल थांबल्यावर एन्झाइम काही दिवसांत कामाला लागतं. डोस मात्र तिसऱ्या हिश्श्यावरच राहिलेला असतो. असं औषध सुरू किंवा बंद झालं की तीन-चार दिवसांनी लेव्हल करायची आणि आठवड्याने परत. पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही. आज टीमला फोन करा. डोस स्वतः वाढवू नका.

क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन आणि रक्तदाबाचं डिल्टियाझेम यांनीही लेव्हल चढते. गल्लीतल्या डॉक्टरांनी खोकल्यासाठी लिहून दिलेली गोळी म्हणूनच आधी टीमला दाखवायची. टीबीवरचं रिफॅम्पिसिन आणि फिटवरचं फेनिटॉइन उलट लेव्हल पाडतात, रिफॅम्पिसिन तर फारच.

प्रश्न : एका लॅबमध्ये १०.४, दुसरीत ७.९. खरं कुठलं?
(वाचक, दादर)

दोन्ही खरे असू शकतात. काही लॅब अँटिबॉडीच्या पद्धतीने मोजतात; त्यात औषधाचे मोडलेले तुकडेही थोडेफार मोजले जातात. मास स्पेक्ट्रोमेट्रीत फक्त मूळ औषध मोजलं जातं, म्हणून आकडा बहुधा कमी येतो. एकच लॅब धरून राहा.

प्रश्न : गणपतीत घरी पपनस येतं, सासूबाई गुळवेलीचा काढा करतात. भाऊजींना चालेल का? त्यांना दोन दिवस जुलाबही होताहेत, औषध वाहून जात असेल ना?
(वाचक, डोंबिवली)

जुलाबांचं आधी, कारण इथे बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. टॅक्रोलिमस एरवी आतड्याच्या अस्तरातच बरंचसं मोडलं जातं किंवा मागे फेकलं जातं. जुलाबात अस्तर दुखावलं की ही अडवणूक ढिली पडते आणि लेव्हल चढते. हात थरथरतात का बघा (चहाचा कप बशीवर वाजायला लागतो), डोकं दुखतं का, रक्तदाब वाढलाय का. लेव्हलसोबत क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही करून घ्या; मूत्रपिंडाला त्रास झाला की क्रिएटिनिन वाढतं, आणि मॅग्नेशियम या औषधाने पडतं. शिवाय जुलाब हेच जीव्हीएचडीचं लक्षण असू शकतं. तेव्हा आजच कळवा, ‘बाहेरचं काही खाल्लं असेल’ म्हणून थांबू नका.

पपनस आणि ग्रेपफ्रूट बंद. ते आतड्यातलं तेच एन्झाइम अडवतात आणि परिणाम एक-दोन दिवस टिकतो, त्यामुळे फळ आणि गोळी यांत चार तासांचं अंतर ठेवून उपयोग नाही. गुळवेलही नको. प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणून ती देतात, आणि इथे तर ती मुद्दाम दाबून ठेवलेली आहे. सासूबाईंना हे कारण सांगा, पटेल.

प्रश्न : केमिस्टने टॅक्रोलिमसचा दुसऱ्या कंपनीचा डबा दिला. चालेल?
(वाचक, ठाणे)

टीमला विचारल्याशिवाय नको. बदलावाच लागला, तर काही दिवसांनी लेव्हल करून घ्या. डब्यावर दिवसातून एकदा घ्यायचा प्रकार लिहिलाय का, ते आधी बघा; तो बारा तासांच्या कॅप्सूलऐवजी चालत नाही. आणि पुडा संपायच्या दिवशी दुकानात जाऊ नका, आठ दिवसांचा साठा शिल्लक असतानाच जा.