चिकाटी म्हणजे चिकट का?

प्रश्न : माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. गोष्ट वाचताना ‘चिकाटी’ हा शब्द आला. मी सांगितलं, ‘चिकाटी म्हणजे सतत प्रयत्न करणं.’ त्यानं विचारलं, ‘म्हणजे चिकट का?’ मी हसून ‘नाही रे’ म्हटलं. आता बूट घालायचे नसले की जमिनीवर फतकल मारून सांगतो, ‘मी चिकाटी करतोय!’ हा शब्द त्याच्या वयाला जड होतोय का?
– एक आई

उत्तर : शब्द नाही हो जड, तुम्ही सांगितलेला अर्थ जड आहे. ‘सतत’ आणि ‘प्रयत्न’ तरी त्याला कुठे ठाऊक आहेत? शिवाय तुम्ही ‘नाही रे’ म्हणालात तिथेच चुकलं. चिकट, चिकटणं, चिकाटी ही सगळी एकाच घरातली भावंडं. पोरानं बरोबर नाळ ओळखली होती! त्याला आजच सांगा, ‘तुझंच खरं. हात कामाला चिकटून राहिले की ती चिकाटी.’

बूट-प्रकरण म्हणजे मात्र हट्ट. दोन्ही ‘धरतात’, म्हणून मुलांचा घोटाळा होतो. मी बालवर्गात असा फरक सांगायची : हट्ट धरला की आईनं काहीतरी करायचं असतं, चिकाटी धरली की आपण. एवढं त्यांना पुरतं. (आणि चिकाटी ‘करत’ नाहीत, ‘धरतात’. पण त्यासाठी त्याला टोकू नका. तुम्ही नीट बोलत राहिलात की तो आपोआप उचलेल.)

शब्द शिकवायला मुद्दाम बसू नका. प्रसंग घडतो तेव्हा तो त्यावर ठेवायचा. माझ्या वर्गातली एक मुलगी एप्रनचं बटण लावत होती. बटण काजातून निम्मं डोकावायचं आणि परत मागे. जीभ ओठांच्या कोपऱ्यात, नाक लाल. मदतीला माझे हात शिवशिवत होते, पण मी ते पाठीमागे बांधून उभी राहिले. चारदा निसटल्यावर तिनं दुसऱ्या हातानं काज ताणून धरलं आणि बटण गेलं. मी म्हटलं, ‘निसटत होतं तरी सोडलं नाहीस. काज ताणून पाहिलंस. चिकाटी धरलीस गं!’ तेच तेच न करता तिनं युक्ती बदलली, हे मी मुद्दाम बोलून दाखवलं. नाहीतर काचेवर धडका देणारी माशीही चिकाटीची ठरेल.

एक मात्र कराच. ‘तुझ्यात चिकाटीच नाही’ हे वाक्य घरात नको. रागावताना वापरलेला शब्द मुलं तोंडात घेत नाहीत.

त्या मुलीनं तो घेतला. पुढच्या आठवड्यात डिंकाच्या बाटलीचं झाकण मला उघडेना. मी बाटली बाजूला ठेवणार, तेवढ्यात कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, ‘बाई, चिकाटी धरा. आणि फडक्यानं धरून बघा.’