स्कॅनर (इतरांचे वायरलेस संदेश ऐकायचा रेडिओ) घेऊन साताऱ्याला निघण्याआधी

पोलिसांच्या वायरलेसचा नाद आधी सोड, भावा. परवान्याशिवाय ते ऐकणं आपल्याकडे कायद्यात बसत नाही. हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा दे, परवाना काढ. मग १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर मनसोक्त ऐक, बोलही. यवतेश्वरच्या पठारावर लांबची स्टेशनं स्वच्छ येतात. कोयनेच्या खोऱ्यात उतरलास की नुसती खरखर, कारण व्हीएचएफ, म्हणजे याच पट्ट्यातल्या लहरी, सहसा डोंगर ओलांडत नाहीत. अँटेना चुंबकाची घे आणि गाडीच्या टपावर लाव, हातातल्या सेटची रबरी अँटेना पत्र्याआड मुकी होते. पावसाळ्यात पुढे सांगलीला जाणार असशील तर आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी आधी बघ: ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. आकाशवाणी सांगली लावून ठेव. अडचण आली तर थेट ११२.