चित्रकला आणि कलेचा इतिहास शिकून ड्रॉइंग टीचर होण्यापलीकडे काही संधी असतात का?

असतात, बऱ्याच असतात. पण प्रश्नाखाली तुम्ही जे लिहिलंय, की "आमचे सर म्हणतात हात चांगला असेल तर पेंटिंग कर, इतिहास वगैरे हात नसलेल्यांसाठी", ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसलेय. हेच वाक्य मी कॉलेजात ऐकलंय, जवळजवळ याच शब्दांत, आणि भर वर्गात.

आमच्याकडे थिअरीचा तास म्हणजे स्टुडिओतून दमून आल्यावरची झोप. परीक्षेच्या आदल्या रात्री सीनियरच्या नोट्सची झेरॉक्स काढायची, अजिंठा पाच मुद्द्यांत, घारापुरी चार मुद्द्यांत, आणि सुटलो. खरं तर मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाची मुलंच 1872 पासून तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर अजिंठ्याला जाऊन वर्षानुवर्षं त्या भिंतींच्या प्रतिकृती करत होती. त्यातल्या बऱ्याचशा लंडनला पाठवल्या आणि तिथे 1885 च्या आगीत कित्येक जळाल्या. ती मुलं चित्रकार होती की इतिहासाची कामं करणारी? दोन्ही. मग आपल्या कॉलेजांनी ही फाळणी कधी आणि कशासाठी केली, ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आता एक प्रसंग सांगते. लांबेल, पण उत्तर त्यातच आहे.

कॉलेज संपल्यावर मी एका कॉन्झर्व्हेटर (जुनी चित्रं दुरुस्त करून जपणाऱ्या) मॅडमच्या हाताखाली काम करत होते. साताऱ्याकडच्या एका वाड्यातून बोलावणं आलं. घरात वाटण्या चालल्या होत्या आणि सोप्यात लक्ष्मीचं एक मोठं चित्र होतं. रविवर्म्याचं अस्सल तैलचित्र, पणजोबांना संस्थानातून मिळालेलं, अशी घरात पिढ्यानपिढ्या समजूत. मुंबईच्या एका दलालाने आकडाही सांगून ठेवला होता. मॅडमना कंडिशन रिपोर्टसाठी, म्हणजे चित्र कुठल्या अवस्थेत आहे ते नोंदवायला बोलावलं होतं आणि चित्र पारखायला म्हणून आमच्या कॉलेजातले सर, भर वर्गात ते वाक्य म्हणणारे तेच. सरांनी चित्रासमोर उभं राहून एका मिनिटात निकाल दिला. "पदराच्या काठावरचा हा फटकारा बघा. हे छपाईत येतं का? अस्सल आहे."

फटकारा ब्रशचाच होता, त्यात वाद नाही. पण मी चित्र भिंतीवरून उतरवून सतरंजीवर आडवं ठेवायला सांगितलं आणि बाजूने टॉर्च मारला. कॅनव्हासची वीण सगळीकडे अगदी एकसारखी दिसत होती, जाड रंगाखालीही आणि पातळ रंगाखालीही. मग चेहऱ्यावर भिंग धरलं. गालावर ब्रश कुठेच नव्हता. नुसते छपाईचे ठिपके, गुलाबी, पिवळसर, मधे निळसर राखाडी. काठावरचा आणि कमळांवरचा जाड रंग मात्र व्हार्निशच्या वर बसलेला. म्हणजे मूळ चित्रावर नंतर कुणीतरी हात फिरवलेला. मागचे खिळे काढून चौकट सोडवली तर खालच्या पट्टीआड दडलेल्या कडेवर इंग्रजी अक्षरांत छापील ओळ होती, रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. अर्धी कसरीने खाल्लेली, पण वाचता येत होती.

तिथे बघायचं हे मला कुठून कळलं? लायब्ररीतल्या, कुणी न नेलेल्या पुस्तकांतून. रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला, 1899 मध्ये कार्ला-लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. तिथल्या ओलिओग्राफना, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या छापील चित्रांना, कॅनव्हाससारखा पोत द्यायचे, वर व्हार्निश मारायचे. लोक घरी आणून त्यावर जर-टिकल्या लावायचे, कुणी स्थानिक चित्रकाराकडून रंग चढवून घ्यायचे. हे ज्याला माहीत आहे तो आधी कडा तपासतो.

घरातली मंडळी हिरमुसली. आजी तेवढ्या खूश झाल्या, कारण लक्ष्मी आता घरातून जाणार नव्हती. सरांनी भिंग मागून घेतलं, बराच वेळ बघितलं आणि "वरचा रंग नंतरचा आहे" एवढंच म्हणाले. सरांचा हात आजही माझ्यापेक्षा कितीतरी चांगला आहे, हे मी कुणालाही सांगेन. पण त्या दिवशी त्यांनी ब्रश ओळखला आणि तो कशावर फिरलाय हे त्यांना दिसलं नाही. उलट, मी चार वर्षं रंग कालवले नसते तर तो जाड रंग व्हार्निशच्या वर आहे हे मला नुसतं वाचून कळलं नसतं. म्हणून "हात की इतिहास" हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि जे शिक्षक तो मुलांसमोर मांडतात ते मुलांचं नुकसान करतात.

आता कामं कुठे आहेत ते. मुंबईत सॅफ्रनआर्ट, पंडोल्स, अ‍ॅस्टागुरू असे लिलाव करणारे आहेत. तिथे कॅटलॉगसाठी, चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं ते कागदोपत्री शोधायला माणसं लागतात. एम. एफ. हुसेनचं 1954 चं 'ग्राम यात्रा' हे चित्र मार्च 2025 मध्ये न्यू यॉर्कला सुमारे 118 कोटींना गेलं. ते त्याआधी कित्येक दशकं नॉर्वेतल्या एका हॉस्पिटलात टांगलेलं होतं. एवढे पैसे मोजणारा आधी तो सगळा प्रवास तपासून मागतो. शिवाय रविवर्मा, अमृता शेरगिल, नंदलाल बोस अशा नऊ जणांची चित्रं 1972 च्या कायद्यानुसार देशाबाहेर नेता येत नाहीत, त्यामुळे खरं-खोटं ठरवण्याला कायद्याचंही वजन आहे.

संग्रहालयांत क्युरेटरच्या हाताखाली, रजिस्टर आणि डिजिटायझेशनचं काम असतं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कॉन्झर्व्हेशन सेंटर आहे. शिकायचं असेल तर कला-इतिहासात एम. ए.साठी बडोद्याचं नाव मी सगळ्यात आधी घेईन. तिथे 1950 पासून स्टुडिओ आणि इतिहास एकाच आवारात आहेत, आणि फरक पडतो. दिल्लीची जुनी नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूट आता नोएडाच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेजमध्ये आली आहे. तिथे कला-इतिहास, कॉन्झर्व्हेशन, म्युझिऑलॉजी (संग्रहालयशास्त्र) तिन्ही शिकता येतं. कॉलेजात शिकवायचं तर नेट या पात्रता परीक्षेला व्हिज्युअल आर्ट हा विषय आहे. चित्रंच काढायची असतील तर सांस्कृतिक मंत्रालयाची 18 ते 25 वयासाठी महिना 5,000 रुपयांची दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे, ती बघा. शाळेत कलाशिक्षकाची जागा निघेल या भरवशावर एटीडी (कलाशिक्षकाचा डिप्लोमा) करून बसू नका.

आणि मराठी येतं, मोडी वाचता येते, याला कमी लेखू नका. मोठ्या शहरांतले बरेच तरुण अभ्यासक घराण्यांच्या जुन्या मोडी कागदांपाशी येऊन अडतात. सातारा जिल्ह्यातल्या औंधला तिथले संस्थानिक पंतप्रतिनिधी यांनी उभारलेल्या संग्रहालयात रविवर्मा आहे, हेन्री मूरचं शिल्प आहे, आणि पुण्या-मुंबईची कलेची मुलं तिकडे फिरकत नाहीत. चित्रकार सा. ल. हळदणकरांचं हातात समई घेतलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. 1945 च्या सुमाराचं. ते आजही रविवर्म्याचं म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, जेव्हा रविवर्मा 1906 मध्येच गेले. कोल्हापूर-सावंतवाडीकडच्या चित्रकारांवर एवढं काम पडून आहे की ते करायला माणसं पुरणार नाहीत.

राहिलं ते कटू. सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो, पुष्कळ ठिकाणी इंटर्नशिप बिनपगारी, आणि मुंबईचं भाडं घरून कुणी देणारं नसेल तर पहिली दोन-तीन वर्षं फार ओढाताण होते. मी ट्यूशन घेऊन काढली. कॅम्पस प्लेसमेंट वगैरे काही नसतं, ओळखीनेच कामं मिळतात, आणि ज्यांचे आईवडील या वर्तुळातले आहेत त्यांना ती लवकर मिळतात. वाचायचं बहुतेक इंग्रजीत आहे, ते टाळता येणार नाही. घरी लगेच पैसे देणं भाग असेल तर अप्लाइड आर्ट (जाहिरात-डिझाइनकडची कला) घ्या आणि इतिहास वाचत राहा, यात कमीपणा काही नाही.

संग्रहालयाला मेल पाठवताना नुसता पोर्टफोलिओ जोडू नका. घरातल्या, देवळातल्या, शाळेतल्या जुन्या चित्रांचे दोन-तीन कंडिशन रिपोर्ट स्वतः लिहा. माप, माध्यम, कुठे पोपडे आलेत, कुठे बुरशी आहे, मागे काय चिकटवलंय, सोबत तिरप्या प्रकाशातले फोटो. माझं पहिलं काम असल्याच कागदांवर मिळालं. तुम्ही कुठल्या वर्षाला आहात आणि बारावीला केमिस्ट्री होतं का, तेवढं खाली कळवा. कॉन्झर्व्हेशनचं त्याशिवाय नेमकं सांगता येणार नाही.