गूगलवर मिळाला म्हणून फोटो तुमचा होत नाही

दुकान, क्लास, होमस्टे, घरगुती फराळ असा छोटा व्यवसाय आणि त्याचं इन्स्टाग्राम-फेसबुक स्वतःच सांभाळणारे वाचक वेगवेगळ्या शब्दांत तेच विचारतात. पोस्टसाठी फोटो, चित्र, गाणं आणायचं कुठून? आणि आणलेलं वापरायचा हक्क आपल्याला आहे का? साध्या प्रश्नांना मी साधी उत्तरं दिली आहेत. एका प्रश्नावर, म्हणजे परक्याचा फोटो वापरल्याबद्दल आलेल्या नोटिशीवर, मात्र लांबलचक बोलले आहे. नोटीस न आलेल्यांनीही ते वाचावं.

प्रश्न : पोस्टचं माप काय ठेवायचं? डिझायनर चौकोनी करून देतो, पण प्रोफाइल उघडलं की दोन्ही बाजूंची अक्षरं कापलेली दिसतात. (किराणा दुकानदार, बार्शी)

पोस्ट उभी करून घ्या, १०८० बाय १३५०. रील आणि स्टोरीसाठी १०८० बाय १९२०. इन्स्टाग्रामने २०२५च्या सुरुवातीला प्रोफाइलवरची चौकट उभी केली, हे तुमच्या डिझायनरला सांगा. फोन नंबर कडेला नको, मधोमध.

प्रश्न : फोटोवर २० टक्क्यांपेक्षा जास्त मजकूर असला की फेसबुक जाहिरात नाकारतं, असं एका कार्यशाळेत सांगितलं. खरं का? (बेकरी, सांगली)

ती अट २०२० मध्येच गेली. कार्यशाळेचे पैसे परत मागा.

प्रश्न : मी घरी दिवाळीचा फराळ करून विकते. दोन वर्षांपूर्वी चकली-अनारशांचा एक फोटो गूगलवरून घेऊन पेजवर टाकला होता. खाली ‘फोटो सौजन्य : गूगल’ असंही लिहिलं होतं. चार महिन्यांपूर्वी एका कंपनीचा ईमेल आला, की फोटो आमचा आहे, पैसे भरा. मैत्रिणी म्हणाल्या, असे मेल सगळ्यांना येतात, लक्ष देऊ नकोस. आता दुसरा मेल आलाय आणि रक्कम वाढली आहे. काय करू? (नाशिक)

चार महिने! ताई, पहिला मेल आला त्याच आठवड्यात हा प्रश्न एखाद्या वकिलाला विचारायला हवा होता, मैत्रिणींना नव्हे.

आता नीट ऐका. गूगल फोटो काढत नाही, दुसऱ्यांनी काढलेले शोधून दाखवतं. ग्रंथालयाच्या यादीत पुस्तकाचं नाव सापडलं म्हणून ते ग्रंथपालाने लिहिलं असं आपण म्हणत नाही, तसंच हे. फोटोवर बोट ठेवलंत की खाली बारीक अक्षरांत ‘कॉपीराइट असू शकतो’ अशी सूचनाही दिसते. ती कुणी वाचत नाही.

आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट कायदा आहे. फोटो निघाला त्या क्षणी त्यावर हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात नाव छापावं लागत नाही, वॉटरमार्कही लागत नाही. हा हक्क फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे ‘जुना फोटो होता’ ही सबब जवळजवळ कधीच चालत नाही.

‘सौजन्य’ लिहिलं की परवानगी मिळाली, ही अफवा कुणी पसरवली देव जाणे. सौजन्य लिहिल्याने एवढंच सिद्ध होतं, की फोटो आपला नाही हे तुम्हाला माहीत होतं. फोटो आरशासारखा उलटा केला, कडा कापल्या, वर फिल्टर चढवला, तरी तो मूळ मालकाचाच राहतो. ‘मी काही मोठी कंपनी नाही’ हेही उत्तर नव्हे. कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत, पण त्या खासगी वापर, अभ्यास, समीक्षा, बातमी अशा कामांसाठी. किलोमागे दर लिहून चकली विकणं त्यात बसवायचं तर वकील फारच हुशार लागेल.

शिक्षेचं विचाराल तर कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड लिहिलेला आहे. घाबरवण्यासाठी सांगत नाही. अशी प्रकरणं सहसा पैशांवर मिटतात. पण ‘एका फोटोने काय होतंय’ असं म्हणणाऱ्यांनी ते कलम एकदा डोळ्यांखालून घालावं. आणि दोन वर्षांपूर्वीची पोस्ट त्यांना सापडली कशी, याचं नवल करू नका. आपल्या फोटोंशी जुळणारे फोटो इंटरनेटवर शोधत राहणारी सॉफ्टवेअर आहेत, आणि त्यांना पोस्ट जुनी की नवी याच्याशी देणंघेणं नसतं.

याची दुसरीही बाजू आहे. असे सगळे मेल खरे नसतात. ‘तुमच्या पेजने कॉपीराइट मोडला, २४ तासांत इथे क्लिक करा, नाहीतर पेज बंद’ असा मेल असेल तर तो पासवर्ड चोरण्याचा उद्योग समजा आणि लिंकला हात लावू नका. खरी नोटीस वेगळी दिसते. फोटो कोणता, तो तुमच्या पेजवर कुठे आहे, हक्क कुणाचा आहे, हे तिच्यात लिहिलेलं असतं. तरीही पाठवणाऱ्याकडे मालकीचा पुरावा मागणं हा तुमचा अधिकार आहे. मागितलेली रक्कम म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, त्यावर बोलणी होतात. आणि नोटीस निराधार असेल तर कलम ६० खाली उलट तुम्हीच दाद मागू शकता.

तेव्हा पोस्टचा तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या आणि मगच ती काढा. दोन्ही मेल छापून घ्या. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर ‘चुकून झालं, माफ करा’ असं काही लिहून बसू नका आणि घाईने पैसेही पाठवू नका. हे सगळं घेऊन कॉपीराइटची कामं करणाऱ्या वकिलाकडे जा. घरच्या जमिनीचा दावा लढवणारे काका कितीही चांगले असले तरी हे काम त्यांचं नाही. आणि हे याच आठवड्यात करा.

पुढच्या दिवाळीसाठी अनस्प्लॅश, पेक्सेल्स, विकिमीडिया कॉमन्स या वेबसाइटवर वापरायला मोकळे फोटो मिळतात. पण प्रत्येकाच्या अटी वाचा. कॉमन्सवरच्या बऱ्याच फोटोंना छायाचित्रकाराचं नाव देणं बंधनकारक असतं. इतर ठिकाणी ‘अव्यावसायिक वापरासाठी’ असा परवाना दिसला, तर तो फोटो तुमच्यासाठी नाही.

खरं तर मला कोडं वेगळंच पडतं. चकली तुम्ही तळलेली, अनारसे तुमच्या हातचे, मग फोटो परक्याचा कशाला? सकाळी खिडकीजवळ पाटावर केळीचं पान ठेवा. उजेड बाजूने येऊ द्या, ट्यूबलाइट आणि फ्लॅश दोन्ही बंद. स्टीलचं ताट नको, त्यात छताचा पंखा आणि तुमचा मोबाइल दिसतो. एक चकली मोडून आतली पोकळी कॅमेऱ्याकडे करा आणि अनारशाची खसखस लावलेली, जाळी पडलेली बाजू वर ठेवा. खाणाऱ्याला नेमकं तेच बघायचं असतं, आणि ते गूगलवरच्या फोटोत नसतं.

प्रश्न : आमच्या बिझनेस अकाउंटवर गाजणारी गाणी लावता येत नाहीत. मुलगा म्हणतो, अकाउंट पर्सनल करून टाकू, सगळी गाणी मिळतील. (पैठणी विक्रेते, येवला)

मिळतील. पण अकाउंटचा प्रकार बदलला म्हणून पैठणी विकण्याचा हेतू बदलत नाही. ती गाणी लोकांनी हौसेने लावावीत यासाठी आहेत, मालाच्या जाहिरातीसाठी नाहीत. मेटाचं (इन्स्टाग्राम-फेसबुकच्या मालक कंपनीचं) साउंड कलेक्शन, म्हणजे तयार संगीताचा संग्रह, वापरा. नाहीतर हातमागाचा खटखट आवाजच रेकॉर्ड करा. येवल्यात बसून तुम्हाला उसनं संगीत कशाला हवं, मला कळत नाही. आधीच्या रीलवर पैसे खर्चून जाहिरात केली असेल, तर ती चालू ठेवायची की काढायची हे वकिलाला विचारून ठरवा.

प्रश्न : सणावाराच्या तयार पोस्ट देणारं एक ॲप आम्ही वर्षभरासाठी घेतलंय. शिवजयंतीला महाराजांचं चित्र, खाली आमचा लोगो, नंबर आणि ‘सिमेंटवर खास सूट’ अशी पोस्ट केली. एक गिऱ्हाईक म्हणालं, हे कायद्यात बसत नाही. ॲपवाले म्हणतात, सगळेच करतात. (हार्डवेअर दुकान, कोल्हापूर)

गिऱ्हाईक बरोबर बोललं. बोधचिन्हं आणि नावं यांचा गैरवापर रोखणारा १९५०चा कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंतप्रधान यांची नावं आणि चित्रं आहेत, राष्ट्रध्वजही आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ती धंद्यासाठी वापरता येत नाहीत. सिमेंटची सूट हा धंदाच झाला. पोस्ट काढा. नुसतं अभिवादन आणि खाली दुकानाचं नाव असं चालेल का, हा पुढचा प्रश्न मला दिसतोय. तिथे रेघ बारीक आहे, वकिलाला विचारल्याशिवाय मी ‘हो’ म्हणणार नाही.

ते महाराजांचं चित्रही कुणा चित्रकाराने काढलेलं असतं. ॲपने त्याच्याकडून हक्क घेतले आहेत का? करारातल्या अटी उघडून बघा. वापराची जबाबदारी ग्राहकाची, अशी ओळ बहुधा सापडेल. ‘सगळेच करतात’ म्हणणारे ॲपवाले नोटीस आल्यावर फोन उचलणार नाहीत.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी यातून मिळतं काय? दिवाळीला तुमच्या रस्त्यावरच्या चार दुकानांच्या स्टेटसला तीच पणती, तीच रांगोळी, फक्त खालचा नंबर वेगळा. ‘महिन्याला ३० पोस्ट’ असं पॅकेज विकणाऱ्या एजन्सींचंही तेच. आकडा भरायचा म्हणून भरतात. त्यापेक्षा महिन्यातून चार पोस्ट करा, पण त्यांत तुमचं दुकान, तुमचा माल आणि स्लॅब टाकून झालेलं गिऱ्हाइकाचं घर दिसू दे. घराचा फोटो मात्र मालकाला विचारून.

प्रश्न : होमस्टेचे फोटो व्यावसायिक फोटोग्राफरकडून पूर्ण पैसे देऊन काढून घेतले. आता होर्डिंगवर लावले तर तो म्हणतो, फक्त वेबसाइटसाठी दिले होते, वेगळे पैसे द्या. मालक कोण? (गुहागर)

कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन तुम्ही सांगितल्यावरून काढलेल्या फोटोचे पहिले मालक तुम्ही, पण दोघांत वेगळं काही ठरलं नसेल तरच. सगळी मेख त्या ‘वेगळं काही’मध्ये आहे. त्याचं कोटेशन, बिलाची मागची बाजू, ॲडव्हान्स देताना झालेलं चॅट यात ‘फक्त वेबसाइटसाठी’ असं कुठे आहे का, ते शोधा. ते कागद वकिलाला दाखवेपर्यंत होर्डिंगवाल्याला थांबवा. समुद्राचा सूर्यास्त त्याने आधीच काढून ठेवलेला असेल आणि तुम्हाला दिला असेल, तर गणित पूर्ण बदलतं. तिथे हक्क हवे असतील तर लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत, असं कायदा धरून चालतो. पुढच्या वेळी ॲडव्हान्स देण्याआधी एक पान लिहून घ्या.

प्रश्न : आमच्या क्लासमधल्या गुणवंतांचे फोटो आम्ही दर वर्षी लावतो. प्रवेश अर्जावरच संमती घेतलेली असते. तरी एक पालक फोटो काढा म्हणतात. (लातूर)

आधी काढा, वाद नंतर. पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांच्या कोचिंग क्लासेससाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांनुसार नाव आणि फोटो वापरण्याची लेखी संमती निकाल लागल्यानंतर घ्यावी लागते. प्रवेशाच्या वेळी अर्जात दडवलेली ओळ उपयोगाची नाही. त्या मुलाने तुमच्याकडे नेमका कोणता कोर्स, किती काळ केला, हेही सांगावं लागतं. दोन टेस्ट सिरीज देऊन गेलेल्या मुलाचा फोटो फ्लेक्सवर सर्वांत मोठा छापण्याची युक्ती पालकांना कळत नाही, असं समजू नका. मूल १८ वर्षांखालचं असेल तर पालकांची संमती हवीच. तुमचा संमतीचा नमुना एकदा वकिलाकडून तपासून घ्या.

प्रश्न : उकडीच्या मोदकांचा फोटो एआयने करून टाकला तर चालेल का? (ठाणे)

पोस्टरच्या मागच्या सजावटीला एआय वापरा, विकायच्या पदार्थाला नको. फोटोत एक आणि डब्यात दुसरं निघालं तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ती दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते. शिवाय एआयला मोदकाच्या कळ्या पाडायला अनेकदा जमत नाही. मोमो दिसतो तो. गणपतीच्या दहा दिवसांत गिऱ्हाइकाला एवढा फरक कळतोच.

प्रश्न : आमच्या बागेतल्या हापूसच्या पेट्यांचे फोटो दुसऱ्या विक्रेत्याने जसेच्या तसे उचलले आणि ऑर्डर घेतोय. त्याला सांगितलं तर ब्लॉक केलं. मोसम संपल्यावर बघू, असं आम्ही म्हणतोय. (रत्नागिरी)

मोसम संपल्यावर बघून उपयोग काय? इन्स्टाग्राम आणि फेसबुक दोन्हींवर कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म आहे, तो आजच भरा. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ आणि त्याखालच्या नियमांप्रमाणे अशी लेखी तक्रार आली की प्लॅटफॉर्मला ३६ तासांत पावलं उचलावी लागतात. पण त्या मजकुरावरची ही बंदी २१ दिवसांपुरती असते. तेवढ्यात तुम्ही कोर्टाचा आदेश आणला नाहीत, तर मजकूर पुन्हा दिसू शकतो. मूळ फाइल फोनमधून पुसू नका. फोटो कधी आणि कोणत्या फोनने काढला, ही माहिती तिच्यातच असते. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत ती उरत नाही, म्हणून वकिलाला फाइल डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवा. त्याच्या पेजचे स्क्रीनशॉट तक्रार करण्याआधीच घ्या, आणि फसलेलं एखादं गिऱ्हाईक बोलायला तयार असेल तर त्याचं चॅटही जपून ठेवा. आदेशासाठी लागणारे २१ दिवस तक्रारीपासून मोजले जातात, म्हणून वकिलाची वेळ आधी घ्या आणि फॉर्म संध्याकाळी भरा.